फोटो टाकणाऱ्याला पहिलं उत्तर काय मिळतं?

मंडळी, कापसाचे व्हॉट्सॲप गट आता आपल्याकडे गावोगावी आहेत. एकेका गटात कितीतरी गावांची माणसं असतात आणि बऱ्याच जणांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. तरी काही गटांत माणसं खरोखर शिकतात, काहींत मात्र सकाळच्या नमस्कारापलीकडे गाडी जात नाही. हा फरक कुठून येतो?

एखाद्या भावाला पऱ्हाटीत डोमकळी दिसते. पाकळ्या न उमलता गुंडाळून राहिलेल्या, आत बोंडअळी. तो फोटो टाकतो. पहिलं उत्तर येतं, "सांगितलं होतं ना, पावसाआधी धूळपेरणी करू नको म्हणून!" झालं. तो पुन्हा फोटो टाकत नाही आणि नुसतं वाचणारेही गप्प होतात. त्या अळीचा पतंग मात्र धुरा ओलांडून शेजारच्या वावरात जातोच.

त्याच फोटोला असंही उत्तर देता येतं: "भाऊ, वावरात फिरून शंभर फुलं पाहा, डोमकळ्या किती ते कळवा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) रात्री किती पतंग येतात?" सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग, किंवा शंभरात दहा डोमकळ्या, ही नुकसानीची पातळी, म्हणजे इथून पुढे उपाय करायलाच हवा. हे उत्तर पिकाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून स्वतःच्या मानापमानाकडे गेलं की असं होतं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चमूंमध्येच जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती. म्हणून अळीचे फोटो ज्या गटात जास्त, तो गट वाईट समजू नका. बोंडं फुटायच्या दिवसांतही ज्या गटात एकही तक्रार येत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

न भेटता काम करणाऱ्या गटांवर यार्वेनपा आणि लायडनर या संशोधकांचा १९९९ सालचा अभ्यास आहे. अशा गटांत विश्वास लवकर बसतो, पण कच्चा असतो. वेळेवर आणि नेमानं उत्तरं येत राहिली तरच टिकतो. म्हणून गटप्रमुखांना माझी विनंती आहे, माहीत नसेल तरी "विचारून संध्याकाळी सांगतो" एवढं लिहा, आणि संध्याकाळी खरंच सांगा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणतं औषध कशात मिसळायचं नाही, हे विचारायची लाज वाटू नये, एवढा भरवसा गटात हवाच. आणि पाठीवर पंप घेणारा मजूर बहुतेक गटांत नसतोच. त्याला या हंगामात गटात घ्या. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवू द्या, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.