चार दिवसांची सवड

श्रोतेहो, नमस्कार. आज प्रोजेक्ट मॅनेजमेंटबद्दल बोलू. नाव ऐकून रेडिओचा कान पिळू नका, हे फक्त आयटीवाल्यांचं प्रकरण नाही. ज्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी कुणाच्या तरी हाती काही सोपवायचं आहे, तो प्रकल्प. मागावर रोज चादरी निघतात तो झाला नेहमीचा धंदा. एका हॉटेलला ठरल्या तारखेला ठरलेले टॉवेल द्यायचे, तो प्रकल्प.

तीन गोष्टी आधी कागदावर घ्या: काय द्यायचं, कधी द्यायचं, किती पैशात द्यायचं. काय द्यायचं याला म्हणतात व्याप्ती, म्हणजेच स्कोप. त्यात काय येत नाही तेही लिहा. माल ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत पोचवायचा की हॉटेलच्या दारापर्यंत? या तिघांतलं एक हललं की उरलेल्या दोघांतलं एक तरी हलतंच.

मग कामाची फोड करायची. कुठवर फोडायचं? प्रत्येक तुकड्याला एक माणूस जबाबदार धरता येईल आणि तो किती दिवस लागतील ते सांगू शकेल, तिथवर. आणि तिसरं, प्रत्येक तुकड्यापुढे लिहायचं की हा कशाच्या आधी सुरू होऊच शकत नाही. हे तिसरं बहुतेक जण गाळतात. म्हणून पुन्हा सांगतो: काम, माणूस, दिवस आणि कशानंतर.

आता आपल्या सोलापुरातल्याच एका कारखानदाराचं उदाहरण घेऊ. ऑर्डर 3,000 टॉवेलची, हॉटेलचं नाव विणलेलं, काठाला रंगीत पट्टी. दिवस मांडले ते असे. नमुना मंजूर व्हायला 4. सूत रंगायला 6. ताणा, म्हणजे उभे धागे, काढून बीम, म्हणजे ते गुंडाळायचा रूळ, भरायला 3. चार माग, दोन पाळ्या, जोड पन्हा म्हणजे शेजारी-शेजारी दोन टॉवेल, एका मागावर दिवसाला 50 टॉवेल, म्हणजे रोज 200. विणायला 15 दिवस. शिलाई आणि पॅकिंग 3, वाहतूक 1. बेरीज 32. त्याने शब्द दिला 35 दिवसांचा.

नमुना मंजूर झाला की दोन कामं बाजूला समांतर चालणार होती. नाव विणायचं तर जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पंच करायला 5 दिवस. ती नवव्या दिवशी तयार, पण लागणार तेराव्या दिवसानंतर. चार दिवसांची सवड. खोकी छापायला 8 दिवस. ती बाराव्या दिवशी येणार आणि लागणार अठ्ठाविसाव्या दिवसानंतर. सोळा दिवसांची सवड. या सवडीला फ्लोट म्हणतात. आणि जिथे सवड शून्य, ती नमुना, सूत, बीम, विणकाम, शिलाई, वाहतूक अशी सलग साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिथला एक दिवस गेला की अख्ख्या ऑर्डरचा एक दिवस गेला.

मालकाने काय केलं? रोज स्कूटर काढून खोकीवाल्याकडे! जादा पैसे देऊन खोकी लवकर आणली. ती गोदामात पडून राहिली, वर कापसाची पिंज साचली.

आठव्या दिवशी हॉटेलचा फोन आला, "नाव जरा मोठं करा." मालक म्हणाला, करू की. कार्डं नव्याने पंच झाली, आठ अधिक पाच, तेराव्या दिवशी हातात. उशीर शून्य! सवड मात्र सगळी संपली. अकराव्या दिवशी दुसरा फोन, "पट्टी मरून नको, निळी करा." मागच्या वेळी काही बिघडलं नव्हतं म्हणून हाही होकार. पण पट्टीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, नव्याने रंगायला 6 दिवस. अकरा अधिक सहा, सतरा. पट्टी प्रत्येक टॉवेलच्या सुरुवातीलाच येते, त्यामुळे मधला भाग आधी विणून ठेवता येत नाही. बीम चढलेले, कार्डं लागलेली आणि चारही माग चार दिवस उभे. आता शेवट छत्तिसाव्या दिवशी.

फोन दोन्ही सारखेच होते, "जरा एवढं करा." एक फुकट गेला, दुसऱ्याने चार दिवस खाल्ले. पुन्हा ऐका: बदल लहान की मोठा हे नंतर विचारा, तो साखळीवर येतो का हे आधी विचारा.

सावरलं कसं? पाचवा माग लावता आला असता, 15 चे 12 दिवस झाले असते, पण त्या मागाला वेगळे बीम हवेत, कार्डांचा वेगळा संच हवा. पैसे ओतून दिवस विकत घेण्याच्या या प्रकाराला क्रॅशिंग म्हणतात. त्याने दुसरा मार्ग धरला, फास्ट ट्रॅकिंग. सगळं विणून होईपर्यंत न थांबता पहिल्या दिवसाचे 200 टॉवेल दुसऱ्या दिवशी शिलाईला. शेवटी फक्त अखेरचा लॉट उरला, तीन दिवसांचा एक झाला. माल चौतिसाव्या दिवशी पोचला. यातही धोका आहेच, मापात खोट असेल तर ती कळेपर्यंत कैक टॉवेल शिवून झालेले असतात. म्हणून पहिल्या लॉटवर टेप लावल्याशिवाय शिलाई सुरू करू नका.

जाता जाता सांगतो, आपल्याकडे भूमिपूजनाचा मुहूर्त काढतात, काम पुरं करण्याचा कुणी काढत नाही. कोकण रेल्वे बांधताना ई. श्रीधरन यांनी उलटी मोजणारी घड्याळं लावली होती, किती दिवस उरले ते दाखवणारी. तसं एक घड्याळ प्रत्येक कोनशिलेशेजारी हवं, असं माझं मत. असो.

क्रिटिकल पाथची ही साखळी शोधायची रीत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी बसवली गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची तशीच एक रीत काढली. त्यातला एक हिशेब रोज कामाला येतो. रंगाईवाल्याला एक आकडा विचारू नका, तीन विचारा. सगळं जुळलं तर 5, नेहमीचे 6, पाण्याची बोंब झाली तर 13. मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा. 5 अधिक 24 अधिक 13, झाले 42, भागिले सहा, 7. धरायचे सात. पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या गावात सहा धरणं हा निव्वळ आशावाद.

तक्ता म्हणाल तर हेन्री गँटच्या नावाचा, डावीकडे कामं, वर तारखा, मधे आडव्या पट्ट्या. वही पुरते, सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं. साखळीची पट्टी लाल पेनने काढा. आणि व्हॉट्सॲपवरचा "ओके" म्हणजे मंजुरी नव्हे. कोणता नमुना, कोणता रंग, कोणती तारीख, हे लिहून सही घ्या.

माल पोचला तरी प्रकल्प संपत नाही. पोचपावती घ्या, उरलेलं सूत मोजून वहीत चढवा, कोणत्या कामाला खरे किती दिवस लागले ते अंदाजाशेजारी लिहा. जेकार्डच्या कार्डांचा गठ्ठा बांधून त्यावर ऑर्डरचा नंबर टाका आणि आधीच्या लहान नावाची कार्डं वेगळी काढा, नाहीतर पुढच्या ऑर्डरला नेमकी तीच मागावर चढतील. नमस्कार.