वापसीचा रकाना कुठंय? जळगावात बसून सॉफ्टवेअर विकताना

रामराम मंडळी. कसं काय भो, बरं शे ना?

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नात एका काकांनी विचारलं, "तू नक्की काय करतो रे?" म्हटलं, सॉफ्टवेअर कंपनीत मार्केटिंग बघतो. "म्हणजे फेसबुकवर पोस्टी टाकतो!" काकांनी विषयच मिटवला आणि पंगतीला गेले. आजचा व्हिडिओ त्या काकांसाठी.

आमची कंपनी पुण्याची, मी बसतो जळगावात. व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं आणि मालाच्या आवक-जावकीचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले दालमिलवाले, चटईचे कारखाने, सराफ बाजारातल्या पेढ्या, रावेर-सावद्याचे केळी व्यापारी, नंदुरबारचे मिरचीवाले.

आता गणित बघा. समजा, १००० जणांनी जाहिरात पाहिली. त्यातल्या ४० जणांनी नंबर दिला, १० जणांनी डेमो बघितला आणि २ जणांनी पैसे भरले. आमच्या धंद्यात याला फनेल म्हणतात. आपलं नरसाळंच ते. ऑफिसात सगळ्यांचा डोळा वरच्या तोंडावर. माल कमी निघाला की म्हणतात, अजून ओता, अजून जाहिरात करा. माझा पगार खरा मधल्या भोकाचा आहे. ४० चे १० का झाले? ३० जण गळले कुठं?

[लॅपटॉप कॅमेऱ्याकडे वळवून]

ते मला सावद्यात कळलं. केळीसाठी आम्ही झकास डेमो बनवला होता. मालाची प्रत निवडायला यादी दिली होती : ए, बी, सी. शेठनी चष्मा लावला, यादी वरखाली केली आणि विचारलं, "भाऊ, यात वापसी कुठी हाये?"

ज्यांना केळीतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवती म्हणजे नव्या लागवडीचा पहिला माल. घड कापल्यावर बुंध्याशी जे पील राखतात, त्याच्यावर आलेला माल म्हणजे पिलबाग. आणि वापसी म्हणजे त्यातून बाजूला काढलेला हलका माल. तिघांचे भाव वेगळे निघतात. वर मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे हंगाम वेगळे. हा माणूस आयुष्यभर या शब्दांत व्यवहार करत आला आणि आम्ही त्याच्यासमोर ए, बी, सी मांडून बसलो होतो. त्यांनी चहा पाजला, सुपारी पुढं केली. सॉफ्टवेअर मात्र घेतलं नाही.

मी तिन्ही शब्द पुण्याला कळवले. महिन्याभरात रकाना आला. पण डेव्हलपर पोराला वाटलं, वापसी म्हणजे विकलेला माल परत आला! त्यानं तो थेट साठ्यात जोडून टाकला. म्हणजे वापसीची गाडी बऱ्हाणपूरला रवाना झाली की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गोदाम भरायचं. दोष त्याचा नाही, माझा. मी शब्द कळवला, अर्थ कळवला नाही. तेव्हापासून मी शब्दासोबत फोटो पाठवतो, आणि शेठचा आवाजही, त्यांना विचारून रेकॉर्ड केलेला.

दुसरी गोष्ट, वेळ. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरायचं असतं, २० ला थ्रीबी, म्हणजे कर भरण्याचं. त्या दोन तारखांच्या आधी फोन केला तर दिवाणजी, म्हणजे पेढीचे हिशेबनीस, आई-बहिणीपर्यंत जात नाहीत एवढंच. एकदा मुख्य ऑफिसनं ठरवलं, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात सराफांना ऑफर द्यायची. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे ती आखाजी! पोरी माहेरी आलेल्या, झाडांना झोके टांगलेले, आणि सराफ दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्या आठवड्यात सॉफ्टवेअरचं नाव काढणारा माणूस वेडाच. मे महिन्यात ऊन पंचेचाळिशीला टेकतं, दुपारी बाजार ओस पडतो, तेव्हा दुकानात कूलरसमोर बसायचं. तेव्हा शेठही बोलतात आणि दिवाणजीही.

हो, दिवाणजी! चेक शेठ देतो, पण "हे काही जमणार नाही" हे एकच वाक्य दिवाणजी बोलले की सौदा संपला. ते घाबरलेले असतात. तीस वर्षांचं डोकं एका पेटीत घालून मला घरी बसवतील, असं त्यांना वाटतं. आणि खरं सांगू? काही ठिकाणी तसं झालंयही. त्यामुळं डेमो आधी त्यांना दाखवतो, शेठना नंतर. बाकी इथं जाहिरातीपेक्षा "तुमच्या व्याह्याच्या पेढीवर चालतंय" याला वजन जास्त.

लोक म्हणतात, खानदेशात कसली आलीय टेक्नॉलॉजी? विप्रो १९४५ साली कुठं सुरू झाली? अमळनेरात! वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. १९६६ साली वडील गेले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी कारभाराला बसले. कॉम्प्युटर फार नंतर आले. अमळनेरातल्या कित्येक घरांत ते शेअर अजून जपून ठेवलेत.

[भिंतीवरच्या आकाशाच्या नकाशाकडे बोट दाखवत]

हा नकाशा माझ्या नादाचा. अमावस्येच्या आसपास सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन चाळीसगावजवळ पाटणादेवीला जातो. बाराव्या शतकातले गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ भास्कराचार्य, त्यांचं नाव त्या जागेशी जोडलेलं आहे. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे त्याचा, आणि त्यातला काही भाग मराठीत. पाटणच्या बाजारातल्या विक्रीवरचा कर मठाला, चालणाऱ्या घाण्यांमागे पळीपळी तेल मठाला. म्हणजे ज्योतिषाचा अभ्यास तेलाच्या घाण्यांवर चालायचा! पुण्याच्या मीटिंगमध्ये कंटेंट मार्केटिंगचं, म्हणजे लोकांना शिकवत शिकवत माल खपवण्याचं, बजेट कापलं जातं तेव्हा मला हा चांगदेव फार आठवतो.

असो, निघतो आता. बामणोदकडच्या एका शेतात भरीत पार्टी आहे. पऱ्हाट्या पेटल्या असतील, वांगी भाजायला पडली असतील, कळण्याच्या पुऱ्या होतायत. सावद्याचे ते शेठही येणारेत. त्यांनी गेल्या दिवाळीला सॉफ्टवेअर घेतलं. सकाळीच त्यांचा व्हॉट्सॲप आलाय : "वापसी बरोबर दिसते. हिशेबपट्टीवरचं अक्षर मोठं करा, चष्मा लावूनही वाचता येत नाही."