आवाज थांबला की धावा

(कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सभागृहात, पाळणाघर चालवणाऱ्या ताई आणि नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा यांच्यासमोर एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी लहान मुलांच्या श्वासनळीत घास किंवा वस्तू अडकण्याबद्दल केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

मघाशी दारातच एका आजींनी मला गाठलं. "डॉक्टरीणबाई, आमची सहा पोरं शेंगा खाऊनच वाढली की! आताच काय झालंय?" आजी, तुमचं खरं आहे. बहुतेक पोरं वाढतातच. जी एखाद-दुसरी राहून जातात, त्यांच्यासाठी मी आले आहे.

आपण सगळ्या बायका पोर कानाने सांभाळतो. हात फोडणीत, कान बाहेरच्या खोलीत. पडलं तर रडेल, भाजलं तर किंचाळेल, मग जाऊ. एरवी हे चालून जातं. पण ज्याची श्वासनळी बंद झाली आहे ते पोर रडत नाही. रडायला हवा लागते आणि तिचीच वाट अडलेली असते. तुमच्या पाठीमागे, दोन हातांवर, एक शब्द न करता ते निळं पडू शकतं. म्हणून खाताना पोर कानावर सोडायचं नाही, डोळ्यांसमोर बसवायचं. आणि बसवायचंच; पळत, हसत, गाडीत मागच्या सीटवर उड्या मारत घास नको.

आता ठसका. पोराला ठसका लागला की आपण काय म्हणतो? "वर बघ, वर बघ, चिमणी बघ!" टाळूवर थापट्या मारतो, पाण्याचा पेला तोंडाला लावतो. कोणी आठवण काढली याचीही चर्चा होते. अहो, ठसका म्हणजे आवाज, आणि आवाज आहे म्हणजे हवा आत-बाहेर होते आहे. जोरात खोकणारं पोर स्वतःवर जो उपचार करतंय, त्याच्याहून चांगला माझ्याकडेही नाही. त्याला पुढे वाकू द्या, खोकू द्या, तुम्ही शेजारी थांबा. पाणी नको, तोंडात बोट नको. चिमणी दाखवायचीच असेल तर जमिनीवरची दाखवा.

माझ्याच घरातली गोष्ट सांगते. नणंदेच्या मुलाचं बोरन्हाण होतं. पोर सव्वा वर्षाचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं. डोक्यावरून चिरमुरे, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, गोळ्या ओतल्या. गल्लीतली पोरं तुटून पडली आणि उत्सवमूर्तीनेही एक मूठ तोंडात कोंबली. ठसका लागला, तोंड लालबुंद झालं, मिनिटभरात थांबलं. मी तिथेच होते. तोंडात पाहिलं, काही दिसलं नाही, "गिळलं वाटतं" म्हणून हसून सोडून दिलं. पुढे तीन आठवडे खोकला. औषध मीच देत होते. छातीत घरघर ऐकू आली तेव्हा बालदम्याची सुरुवात असेल असंही मीच म्हटलं. एक्स-रे काढला, त्यात नाणं दिसतं, पिन दिसते, दाणा दिसत नाही. एका संध्याकाळी पोर झोपलेलं असताना सहज स्टेथोस्कोप लावला, तर उजव्या बाजूला हवा कमी जात होती. तेव्हा कुठे मला ते बोरन्हाण आठवलं. भूल देऊन, दुर्बीण घालून काढली: शेंगदाण्याची अर्धी पाकळी. ओलीने फुगलेली. दाण्याच्या तेलाने आतलं अस्तर सुजतं, म्हणून तो हरभऱ्यापेक्षाही जास्त छळतो.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा: ठसका थांबला याचा अर्थ तुकडा पोटातच गेला असा होत नाही. नंतर खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "अमुक दिवशी हे खाताना ठसका लागला होता." मी घरात होते तरी विसरले, तुमच्या डॉक्टरांना कुठून कळणार?

अमेरिकेत फिलाडेल्फियाला शेव्हालिअर जॅक्सन नावाचे डॉक्टर होते (1865–1958). लोकांच्या घशातून, श्वासनळीतून, अन्ननलिकेतून काढलेल्या वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. तिथल्या म्यूटर संग्रहालयात त्यांच्या संग्रहातल्या 2,374 वस्तू आहेत. पिना, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे. आपल्या शिवणाच्या डब्यात जे असतं तेच. आमची पाकळी मात्र बेसिनमध्ये गेली. ठेवली असती तर आज तुम्हाला दाखवली असती.

खाण्याचं म्हणाल तर सगळा प्रश्न दाढांचा आहे. समोरचे दात आले की पोर तुकडा तोडतं, पण दळणार कशाने? पहिल्या दाढा दीड वर्षाच्या आसपास, दुसऱ्या दोन ते तीन वर्षांत. दाढा आल्या तरी नीट चावायची सवय लागायला आणखी वेळ जातो. म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या नकोत. भडंग आणली तर दाणे तुम्ही खा, चिरमुरे थोडे मोठं झाल्यावर त्याला. जोतिबाला उधळलेलं खोबरं प्रसाद म्हणून घरी येतं, ते किसून द्या. द्राक्ष उभं चार फाकी करून. आडवं कापलं तर चकती तशीच गोल राहते आणि नळीला बुचासारखी बसते. ही नळी लहानग्याच्या करंगळीएवढी असते, म्हणजे हिशेब कळेल. दाण्याचं कूट मात्र खुशाल द्या, आपल्या घरात त्याला तोटा नाही. आणि आडव्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने दूध ओतणं, नाकात तेल सोडणं, हे आता पुरे.

वस्तूंमध्ये दोनच नावं घेते. एक फुगा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून बसतो, खोकून निघत नाही. वाढदिवस संपला की तुकडे आधी गोळा करा, मग भांडी. दुसरा रिमोटमधला, खेळण्यातला चपटा बटण सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. तो गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायची नाही, थेट दवाखाना.

आता खोकला बारीक झाला, आवाज बंद, ओठ निळे. मेंदूला चार ते सहा मिनिटं मिळतात. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला किती वेळ जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने सुरू करायचं. वर्षाच्या आतलं बाळ पुढच्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, हनुवटी आपल्या बोटांत धरून. दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर 5 दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही, यकृताला इजा होते. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीत 5 थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे 5 झटके. पोट दाबलं असेल तर नंतर बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. पाय धरून उलटं टांगू नका. तोंडात वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढा. आंधळेपणाने बोट घातलं तर ती आणखी आत सरकते.

पोर बेशुद्ध झालं तर जमिनीवर ठेवून सीपीआर. इथे हसू नका! कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की सगळे दसरा चौकाकडे बघतात. तिथलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर, ते नव्हे हो. छातीवर 30 दाब, तोंडाने 2 श्वास, पुन्हा 30. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघायचं, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

हे ऐकून येत नाही, हाताला लागावं लागतं. पिशवीत चार बाहुल्या आणल्या आहेत. सहा पोरांच्या आजी, आधी तुम्हीच या. बांगड्या जरा वर सारा. हं, पालथी घ्या... डोकं अजून खाली.