दातांना तार बसली, आता पहिला आठवडा

नमस्कार श्रोतेहो. तार बसवून दवाखान्यातून निघताना फारसं काही दुखत नाही. "एवढंच होय!" असं म्हणत माणूस घरी येतो आणि रात्री पोळीचा घास चावता चावत नाही. हे ठरल्यासारखं होतं. ठणका काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. तारेचा दाब दाताभोवतीच्या तंतूंवर येतो, त्या बाजूचं हाड हळूहळू झिजतं आणि दाताला सरकायला जागा होते. दात किंचित हलल्यासारखे वाटले तरी घाबरू नका. अगदीच असह्य झालं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्या.

दातांपेक्षा गालच जास्त छळतात. दवाखान्यातून मेणाची डबी मिळते. मटाराच्या दाण्याएवढं मेण बोटांत मळून टोचणाऱ्या ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यावर, दाबायचं. पण आधी तो ब्रॅकेट कापसानं कोरडा करा. ओल्यावर मेण टिकत नाही, आणि नेमकं हेच बहुतेकजण विसरतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरल्या की छाले लवकर बसतात.

पहिले दोन-तीन दिवस मऊ खिचडी, दहीभात, उपमा. पुढे भाकरी आमटीत कुस्करून, पेरू फोडी करून, कणसाचे दाणे सोलून. चिक्की, ऊस, सुपारी आणि कडक चकली मात्र तार निघेपर्यंत बंद. ब्रॅकेट दाताला फक्त चिकटवलेला असतो, आणि शेवटी दाताला इजा न होता निघावा म्हणून ते चिकटवणंही बेताचंच असतं. तार ब्रॅकेटला बांधून ठेवणारी छोटी रबरं पारदर्शक निवडली असतील तर हळदीची आमटी त्यांना पिवळं करणारच! दात पिवळे होत नाहीत, रबरं पुढच्या भेटीत बदलतात. राखाडी किंवा गडद रंग घेतला तर हा प्रश्नच नाही.

दुखणं जातं, पण नीट न घासलेल्या दातांवरचे डाग राहतात. ब्रॅकेटभोवती कीटण साचलं की त्यातल्या आम्लानं दाताचं आवरण विरतं, पांढरे चट्टे पडतात आणि तार काढल्यावरच ते पूर्ण दिसतात. म्हणून ब्रश तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरची बाजू, मग खालची, आणि शेवटी तारेखालून दातांच्या फटींचा बारीक ब्रश. फ्लोराइडची पेस्ट वापरा. घाई करू नका.

मागच्या दाढेपाशी तारेचं टोक टोचत असेल तर पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानं ते दाताकडे हलकेच दाबा, नाहीतर मेण लावा. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढू नका. दवाखान्यात लगेच फोन करा. महिन्याच्या तारखेची वाट पाहिली तर तेवढे दिवस तो दात हवा तसा सरकत नाही. ब्रॅकेट गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो. पण खोकला थांबत नसेल, श्वास अडत असेल, तर तडक रुग्णालय गाठा.