तांब्याचे सील आणि डोंगराखालचा कारखाना

श्रोतेहो, नमस्कार.

नाण्याएवढी तांब्याची एक चकती असते. तिच्यातून तार ओवलेली असते आणि आतल्या बाजूला मुद्दाम ओरखडे काढलेले असतात. ते कोणत्याही दोन चकत्यांवर सारखे येत नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक हे सील युरेनियमच्या साठ्याला लावतात, पुढे काढून व्हिएन्नाला संस्थेच्या मुख्यालयात नेतात आणि आधी घेतलेल्या छायाचित्राशी ते ओरखडे ताडून पाहतात. मध्ये कोणी हात लावला असेल, तर ते तिथे उघडकीस येते. इराणच्या अणुकार्यक्रमाला आवर धमकीने घालावा की वाटाघाटींनी, हा वाद निघाला की मला ही चकती आठवते.

१४ जुलै २०१५ रोजी अमेरिकेसह सहा देशांशी व्हिएन्नात झालेल्या कराराने इराणवर ३.६७ टक्के समृद्धीकरणाची, म्हणजे युरेनियममधील इंधनयोग्य अंशाचे प्रमाण वाढवण्याची, आणि ३०० किलो समृद्ध युरेनियमच्या साठ्याची मर्यादा घातली. इराणमधील अराक येथील अणुभट्टी वापरता येऊ नये म्हणून तिच्या गाभ्यात काँक्रीट ओतले गेले. तांत्रिक बोलणी दोन शास्त्रज्ञांनी केली: अमेरिकेचे अर्नेस्ट मोनिझ आणि इराणचे अली अकबर सालेही. मोनिझ अमेरिकेतल्या ज्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात प्राध्यापक होते, तिथूनच सालेहींनी डॉक्टरेट मिळवली होती. समृद्धीकरणाच्या यंत्रांचे आकडे दोघांनाही सारखेच कळत होते, आणि मला वाटते, करार जमण्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता.

करार निर्दोष नव्हता. त्याची अनेक बंधने दहा-पंधरा वर्षांनी संपणार होती आणि टीकाकारांचा तो आक्षेप खरा होता. धमकी सर्वस्वी निरुपयोगी असते, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकी सैन्य बगदादमध्ये शिरले त्याच २००३ साली इराणने अण्वस्त्र बनवण्याचे काम थांबवले, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच गुप्तचर यंत्रणांनी २००७ मध्ये काढला होता. मात्र भीतीने थांबलेला माणूस खरोखर थांबला आहे की नाही, हे आत जाऊन पाहावेच लागते. आणि आत जाण्याची परवानगी वाटाघाटींतूनच मिळते.

१९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. सद्दाम हुसेन यांनी मात्र त्यानंतर गुप्तपणे, अधिक जोमाने काम सुरू केले आणि त्याचा पसारा १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक तिथे पोहोचले तेव्हा जगाला कळला.

इराणच्या बाबतीत, ८ मे २०१८ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. पुढच्या वर्षापासून इराणने एकेक मर्यादा ओलांडली आणि एप्रिल २०२१ मध्ये तो ६० टक्के समृद्धीकरणापर्यंत गेला. अण्वस्त्रासाठी साधारण ९० टक्के लागते. जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने हल्ले केले. नतान्झ, इस्फहान आणि कोम शहराजवळच्या डोंगराच्या पोटातील फोर्दो या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले. यंत्रांची मोठी हानी झाली, यात शंका नाही. पण जुलैच्या आरंभीच इराणने अणुऊर्जा संस्थेशी असलेले सहकार्य स्थगित केले.

हल्ल्यांच्या वेळी इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम सुमारे ४४० किलो होते, असा संस्थेचा अंदाज आहे. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरील हवेच्या नळकांड्यांएवढ्या टाक्यांत ते मावते, मोटारीतून नेता येते. २०२५ संपेपर्यंत तरी निरीक्षकांना तो साठा डोळ्यांनी पाहता आला नव्हता, मग त्याचे वजन करणे दूरच राहिले.