गाडीच्या पोटातली साक्ष

श्रोतेहो, नमस्कार. संगणकाच्या भरवशावर चाललेल्या गाडीला अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यायची? स्टिअरिंगपुढे बसलेल्या माणसाने, की गाडी बनवणाऱ्या कंपनीने? यावर हिरिरीने वाद होतात. पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त अवघड वाटतो. नेमकं काय घडलं, हे सिद्ध कसं करायचं? दोष कुणाचा हे नंतर. पुरावा कुणाच्या ताब्यात, हे आधी.

यावर एक खटला सांगतो. मी तो भेटेल त्याला सांगत असतो, आज तुमची पाळी.

एप्रिल 2019. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातलं ‘की लार्गो’ नावाचं ठिकाण. रात्रीची वेळ. एक टेस्ला गाडी ऑटोपायलट, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, लावून ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने चालली होती. चालकाच्या हातातून फोन निसटला आणि तो उचलायला तो वाकला. (पडलेला फोन पडू द्यावा हो! आणि आता तर गाडीतली बटणं काढून सगळं काचेच्या पडद्यावर नेलंय. साधा पंखा कमी करायचा तरी नजर रस्त्यावरून काढावी लागते. ज्याने हे सुचवलं, त्याला रोज तीच गाडी चालवायला लावावी.) असो. पुढे रस्ता संपत होता. गाडी थांबली नाही. कडेला उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीवर आदळली. त्या गाडीशेजारी एक तरुण जोडपं उभं होतं. 22 वर्षांची मुलगी जागीच गेली, तिचा मित्र गंभीर जखमी झाला.

चालकाने चूक कबूल केली. वरवर पाहता प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण गाडीने शेवटच्या क्षणी काय पाहिलं, हे मुलीच्या घरच्यांना हवं होतं. तपास अधिकाऱ्याने गाडीतला संगणक कंपनीच्या सेवाकेंद्रात नेला. उत्तर मिळालं, माहिती खराब झाली आहे. पुढे खटला उभा राहिला तेव्हाही कंपनीचं म्हणणं तेच. त्या क्षणांची नोंद आमच्याकडे नाही.

वर्षं गेली. अखेर घरच्यांच्या वकिलांनी त्या संगणकातल्या चिपची हुबेहूब प्रत बाहेरच्या एका जाणकाराच्या हाती दिली. त्याने ती लॅपटॉपला जोडली, आणि जे कुणाला सापडत नव्हतं ते सापडलं! अपघातानंतर काही मिनिटांतच गाडीने सगळ्या नोंदींचं एक गाठोडं बांधून कंपनीच्या सर्व्हरवर धाडलं होतं आणि स्वतःजवळची प्रत पुसली होती. पण पुसलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही, हे आपण फोनवरून जाणतोच. खुणा उरल्या होत्या. समोरची गाडी आणि माणूस यंत्रणेला दिसले होते, असं त्या नोंदींवरून वकिलांनी ज्यूरीला दाखवलं.

कंपनी म्हणाली, आम्ही जाणूनबुजून काही दडवलं नाही. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, म्हणून गाडीने ब्रेक लावला नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पाय खरोखरच तिथे होता. ऑगस्ट 2025 मध्ये मायामीच्या ज्यूरीने निकाल दिला: दोष चालकाचा 67 टक्के, कंपनीचा 33 टक्के. दंडात्मक भरपाई धरून कंपनीवर सुमारे 24 कोटी 30 लाख डॉलर बसले. चिप वाचली गेली नसती तर ज्यूरीपुढे काय आलं असतं? एका चालकाची कबुली, बस्स.

आता 2018चा, ॲरिझोनातल्या टेम्पीचा अपघात घ्या. उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीखाली सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री गेली. गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहून वाटायचं की ती अंधारातून अचानक पुढ्यात आली. सेन्सरच्या नोंदी मात्र सांगत होत्या की यंत्रणेने तिला 5.6 सेकंद आधी टिपलं होतं. कधी वाहन समजून, कधी सायकल समजून, पण पादचारी म्हणून नाही. म्हणजे पुन्हा तेच. डोळ्यांना दिसणारं चित्रण एक बोलतं, आतल्या नोंदी वेगळंच. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. देखरेखीसाठी गाडीत बसवलेल्या महिलेने 2023 मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, ठेवलं गेलं.

कायदे याच्या मागोमाग धावताहेत. जर्मनीने 2017 मध्ये ठरवलं की गाडीचा ताबा माणसाकडून यंत्रणेकडे किंवा उलट केव्हा गेला, याची वेळेसकट नोंद राहिली पाहिजे. एरवी सहा महिने, अपघात झाला असेल तर तीन वर्षं. ब्रिटनच्या 2024च्या कायद्यानुसार, मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याचा गुन्हा आत बसलेल्यावर लागत नाही, जबाबदारी तिच्यासाठी परवानगी घेणाऱ्या संस्थेवर जाते. विमा आणि सीटबेल्टचा पट्टा मात्र आत बसलेल्यानेच पाहायचा.

मला सगळ्यात आवडतो तो युरोपीय संघाचा नवा नियम. सॉफ्टवेअर हीदेखील वस्तूच, असं तो स्पष्ट म्हणतो. आणि न्यायालयाने सांगूनही कंपनीने नोंदी दिल्या नाहीत, तर वस्तू सदोष होती असं गृहीत धरलं जाईल. परत सांगतो, नोंदी दिल्या नाहीत तर दोष गृहीत. मग सदोष नव्हती हे कंपनीने सिद्ध करत बसावं. ‘की लार्गो’च्या त्या घरच्यांना असा नियम मिळाला असता, तर चिपमागे इतकं पळावं लागलं नसतं. हा नियम 9 डिसेंबर 2026 नंतर बाजारात येणाऱ्या वस्तूंना लागू आहे. त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या पुढची कित्येक वर्षं रस्त्यावर असतील, आणि त्यांना जुनाच नियम. नमस्कार.