इंग्रजीचा वळसा न घेता फ्रेंच

मोठेपणी फ्रेंच शिकायला बसलेला मराठी माणूस बहुधा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक उघडतो. त्यातले उच्चार इंग्रजी उदाहरणांनी समजावलेले असतात, वाक्यांचे अर्थ इंग्रजीत असतात, आणि 'इथे सांभाळा' असे इशारेसुद्धा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अडचणी बघून दिलेले असतात. त्यामुळे दुहेरी नुकसान होतं. आपल्या तोंडात आधीपासून तयार असलेली गोष्ट आपण वापरत नाही, आणि आपली खरी अडचण जिथे आहे तिथे पुस्तक गप्प असतं. आज मी फक्त बोलण्याविषयी सांगणार आहे, आणि सगळं मराठीच्या बाजूने.

सुरुवात 'त' पासून करू. फ्रेंच 'टी' आणि 'डी' या अक्षरांचे उच्चार दंत्य आहेत. जीभ दातांना लागते, म्हणजे आपला त आणि आपला द. इंग्रजीत जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लागते. तो आवाज मराठी कानाला ट-ड सारखा वाटला, म्हणून आपण टेबल, टॅक्सी, डॉक्टर म्हणतो. हेच शब्द फ्रेंचमध्येही आहेत: ताब्ल, ताक्सी, दॉक्तर. पण लिहिलेला शब्द ओळखीचा दिसला की डोळा इंग्रजीकडे धावतो आणि तोंडातून 'टाब्ल' निघतं. त आणि द आपल्याला जन्मापासून येतात. फक्त ठरवून वापरायचे आहेत. पहिल्याच दिवशी हा निर्णय करून टाका.

प, त, क यांचंही तसंच. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'पी' हवेच्या झोतासह येतो, फ्रेंचमध्ये झोत नसतो. प आणि फ, त आणि थ, क आणि ख वेगळे ठेवण्याची सवय मराठीने आपल्याला लावलेलीच आहे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पारी' (म्हणजे पॅरिस) म्हणा. पट्टी हलता कामा नये. आघाताचाही प्रश्न असाच. इंग्रजी शब्दात एक अक्षर ठासून बाकीची गिळतात. फ्रेंचमध्ये सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाची असतात आणि शब्दसमूहाचं शेवटचं अक्षर किंचित लांबतं. मराठीची चाल याच्या बरीच जवळ आहे. म्हणून 'महत्त्वाचा' या अर्थाचा 'अँ-पॉर-ताँ' हा शब्द इंग्रजीसारखा मधेच दाबू नका, सरळ चालू द्या.

आता जे आपल्याकडे नाही ते. त्यात पहिला मान ज्याला द्यायला हवा तो स्वर बहुतेक जण टाळतात: फ्रेंच 'यू' अक्षराचा स्वर, ज्याला मी गोल ई म्हणेन. कृती अशी. 'ई' म्हणा आणि ती लांबवत ठेवा. जीभ जागची हलवू नका. आवाज न तोडता ओठ शिट्टी वाजवताना होतात तसे गोल आणि पुढे करा. जो आवाज निघेल तो गोल ई. चुका दोनच प्रकारच्या होतात. एक, ओठ गोल होताच जीभ मागे सरकते आणि साधा 'ऊ' निघतो. मराठीत गोल ओठ आणि मागे गेलेली जीभ यांची जोडी कधी सुटतच नाही, म्हणून हे होतं. दुसरी, 'य्+ऊ' असे दोन आवाज जोडले जातात. आरसा आणि ध्वनिमुद्रण दोन्ही वापरा, कारण आरशात ओठ दिसतात, जीभ दिसत नाही. हा स्वर ऐच्छिक नाही. 'वर' या अर्थाचा शब्द आणि 'खाली' या अर्थाचा शब्द, दस्यू आणि दसू, यांत फरक फक्त याच स्वराचा आहे. (देवनागरीत गोल ई ला अक्षर नाही, म्हणून मी तिथे 'यू' लिहितो; म्हणताना मात्र गोल ई च म्हणा.) रस्ता आणि चाक यांतही तेवढाच. याच पद्धतीने 'ए' म्हणत ओठ गोल केले की 'दोन' या शब्दातला स्वर मिळतो.

अनुनासिकं, म्हणजे नाकातून म्हणायचे स्वर, ही दुसरी मोठी जागा. मराठीत अनुस्वार लिहिला तरी बहुतेक व्यंजनांआधी तो व्यंजनच होतो: अंत म्हणजे अन्त, आंबा म्हणजे आम्बा. फ्रेंच अनुनासिकात न, म, ङ यांपैकी काहीच नसतं. हवा नाकातोंडातून एकदम जाते आणि जीभ कुठेही टेकत नाही. मराठी माणूस 'चांगला' या अर्थाचं 'बों' एक तर 'बोन' म्हणतो किंवा 'बोंग'. तपासायचं असेल तर स्वर म्हणून शेवटी तसंच थांबा आणि जीभ कुठे आहे ते बघा. टोक वर टेकलं असेल तर न आला, मागचा भाग टेकला असेल तर ङ आला. टोक खालच्या दातांमागे स्वस्थ पडलेलं हवं. आणि हा नुसता शोभेचा उच्चार नाही. 'बों' पुल्लिंगी आहे, 'बॉन' स्त्रीलिंगी. शेवटी न घुसला की विशेषणाचं लिंगच बदलतं.

हे स्वर परंपरेने चार. 'एक चांगली पांढरी वाइन' या अर्थाच्या 'अँ बों व्हँ ब्लाँ' या चार शब्दांत ते चारही येतात. पॅरिसच्या बोलण्यात पहिला आणि तिसरा एकच झालेले आहेत, तेव्हा तीन नीट आले तरी चालेल. खरी गफलत 'आँ' आणि 'ओं' यांत होते, कारण तिथला 'आँ' घशाकडे झुकलेला असतो आणि आपल्या कानाला 'ओं'च वाटतो. फरक ओठांवर पकडा: 'आँ'ला जबडा उघडा, 'ओं'ला ओठ लहान गोल. जुन्या मराठी छपाईत नांव, कांहीं असे अनुस्वार असत. कोकणात ते आजही नाकातून ऐकू येतात. ज्यांच्या घरात असं बोललं जातं त्यांनी हा आवाज तिथूनच उचलावा.

फ्रेंच 'र' बद्दल थोडक्यात. जिभेचं टोक खालच्या दातांना लावून ठेवा, 'ग' म्हणायला जा, पण मागची फट पूर्ण बंद करू नका. हलकं घर्षण पुरे. गुळण्या केल्यासारखा जोर नको. प, त, क यांच्या मागे तो घोष, म्हणजे घशातला कंप, गमावतो आणि खरखरीत 'ख' कडे झुकतो. तरीही शिकणारे यावर जितका वेळ घालवतात तितका घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपला जिभेच्या टोकाचा र लावला तरी अर्थ कळतो. गोल ई चुकली तर कळत नाही. 'मी' या अर्थाच्या 'ज' साठी मात्र थोडं थांबा. आपल्या दोन्ही 'ज'मध्ये, जहाजातल्या आणि जीवनातल्या, जीभ आधी टेकते. फ्रेंचमध्ये टेकत नाही. 'श' लांबवा, गळ्यावर हात ठेवा आणि घसा सुरू करा. कंप लागला की तो आवाज मिळाला.

मोठी माणसं वाचू शकतात, आणि बोलण्याच्या बाबतीत हीच अडचण होते. कारण फ्रेंच लेखन आजच्या उच्चारापेक्षा बरंच जुनं आहे. 'बोलणे' या क्रियापदाचा तक्ता पाठ करताना सहा रूपं पाच तऱ्हेने लिहिलेली दिसतात. कानाने मोजा. मी, तू, तो आणि ते या चौघांचंही रूप 'पार्ल'. 'आम्ही' साठी रोजच्या बोलण्यात 'नू' पेक्षा 'ओं' हे सर्वनाम जास्त येतं, त्याचंही 'पार्ल'. वेगळं राहतं ते तुम्हीचं: 'व्हू पार्ले'. बोलायला सुरुवात करताना दोन आवाज पुरतात. लिहिलेला तक्ता आधी पाठ केला की 'ते बोलतात' मधली शेवटची मुकी अक्षरं उच्चारली जातात, आणि ती खोड मग वर्षभर जात नाही. म्हणून प्रत्येक नवं वाक्य आधी कानाने, मग तोंडाने, मग डोळ्याने.

शब्दांमधले सांधेही कानानेच शिकायचे. अनेकवचनी उपपद (इंग्रजी 'द' सारखा नामाआधीचा छोटा शब्द) 'ले' आणि 'मित्र' या अर्थाचं 'आमी' एकत्र आले की 'लेज़ामी' होतं. लिहिलेला पण एरवी मुका असलेला 'एस' पुढच्या स्वरापाशी ज़ बनून जागा होतो. उपपदं, संख्या, नू आणि व्हू यांच्या मागे हा सांधा सक्तीचा. 'आणि' या अर्थाच्या 'ए' नंतर कधीच नाही. काही शब्दांच्या सुरुवातीचा मुका 'एच' सांधा अडवतो: वीरपुरुषांना 'ले एरो' म्हणायचं. 'लेज़ेरो' म्हणालात तर ती शून्यं होतात.

व्याकरणात मराठी आपल्याला किती देते हे फारसं कुणी सांगत नाही. 'ज ल लुई दॉन' हे वाक्य घ्या. 'मी ते त्याला देतो.' शब्दाला शब्द लावून बघा, क्रमही तोच. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि मग सर्वनामं, म्हणून इंग्रजीतून भाषांतर करणारा इथे अडखळतो. मात्र सर्वनामाच्या जागी नाम आलं की ते क्रियापदाच्या मागे जातं: 'मी देतो पुस्तक'. तेवढं लक्षात ठेवा. 'सा म प्ले' म्हणजे 'हे मला आवडतं'; मला जागच्या जागी. 'त्यू म मांक' म्हणजे 'मला तुझी उणीव भासते'. यातही म म्हणजे मला, आणि कर्ता आहे तू. इंग्रजी वळणाने गेलात तर कर्ता आणि कर्म उलटे होतात आणि 'तुला माझी आठवण येते' असं सांगून बसता.

'त्याचा भाऊ, त्याची बहीण' हेही तसंच. मराठीत रूप भाऊ-बहिणीप्रमाणे बदलतं, फ्रेंचमध्येही सों आणि सा वस्तूच्या लिंगाप्रमाणे ठरतात. मालक पुरुष की स्त्री हे फ्रेंच बघतच नाही, 'त्याचा' आणि 'तिचा' दोन्ही सों. मराठीच्या भूतकाळात 'ती गेली' मध्ये क्रियापद कर्त्याशी जुळतं आणि 'मी चिठ्ठी लिहिली' मध्ये कर्माशी. जाणे, येणे, निघणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या क्रियापदांत फ्रेंच कर्त्याशी जुळवते. बाकीच्यांत कर्म आधी आलं तर कर्माशी: 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'लिहिलेलं' या अर्थाचं कृदन्त 'एक्री' न राहता 'एक्रीत' होतं, आणि ते ऐकूही येतं. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही, फक्त अट वेगळी आहे.

पण मराठी फसवते तेही सांगायला हवं. भूक, तहान, ताप, वय हे फ्रेंचमध्ये 'माझ्याकडे आहे' या धाटणीने येतं आणि कर्ता 'मी' असतो. 'मी तीस वर्षांचा आहे' याचं सरळ भाषांतर चालत नाही. 'माझ्याकडे तीस वर्षं आहेत' अशी रचना लागते. लिंगाच्या बाबतीत तर मराठीवर अजिबात विसंबू नका. चंद्र तिथे स्त्रीलिंगी, मृत्यूही स्त्रीलिंगी, आणि आपली नपुंसकलिंगी नामं दोन्हीकडे वाटली जातात: पुस्तक पुल्लिंगी, घर स्त्रीलिंगी. शब्द पाठ करताना 'एक' या अर्थाचं अँ किंवा यून लावूनच करा. ल किंवा ला लावू नका, कारण स्वरापुढे दोन्ही नुसता 'ल्' होतात आणि लिंग लपतं.

तू आणि तुम्ही आपल्याकडे आहेतच. अनोळखी मोठ्या माणसाशी व्हू, म्हणजे अहो-जाहो. समोरच्याने अरे-तुरेचा प्रस्ताव मांडेपर्यंत तेच ठेवा. आणि दुकानात, कार्यालयात, बसमध्ये प्रश्न विचारण्याआधी 'बोंजूर' म्हणायचंच. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणं फ्रान्समध्ये उद्धटपणाचं मानतात. मग तुमचं व्याकरण कितीही शुद्ध असो.

सरावासाठी रोज अर्धा तास, त्यातला निम्मा मोठ्याने. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र संहितेसह मिळतं. त्यातले फक्त तीस सेकंद घ्या. तीनदा संहितेशिवाय ऐका. मग संहिता उघडून सांधे आणि मुकी अक्षरं पेन्सिलने खुणावा. मग आवाजाच्या अर्धा सेकंद मागे राहून सोबत बोला, पाच-सहा वेळा. शेवटी स्वतःचं मुद्रण करून मूळ आवाजाशेजारी ऐका आणि एकच चूक निवडा. दहाही मिनिटं एका बैठकीत करायला गेलात तर तोंड थकतं आणि जुने आवाज परत येतात. बातमीपत्र सावकाश आणि शुद्ध असतं, हे मात्र ध्यानात ठेवा. रस्त्यावर नकारातला 'न' गळतो: 'ज न से पा' (मला माहीत नाही) चं 'ज से पा' होतं, आणि घाईत 'शे पा'. ओळखायला शिका, बोलायची घाई नको.

अडखळणंसुद्धा फ्रेंचमध्येच शिकावं लागतं. आपण विचार करताना 'अं' म्हणतो, आणि तो फ्रेंच कानाला 'एक' या अर्थाच्या अँ सारखा लागतो. ऐकणारा पुढच्या नामाची वाट बघत राहतो. फ्रेंच माणूस थांबतो तो 'दोन' मधल्या त्याच गोल ए वर. आपल्या 'म्हणजे'च्या जागी 'आँफँ' ठेवा. समोरचा इंग्रजीकडे वळला तर 'ज प्रेफेर कोंतिन्युए आँ फ्राँसे', मी फ्रेंचमध्येच पुढे बोलू इच्छितो, हे वाक्य तयार ठेवा आणि न रागावता म्हणा.

राहता राहिले आकडे. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. जुनी माणसं 'चार विसा' मोजत, त्यातलीच ही चाल. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला वेगळे साधे शब्द आहेत, फ्रान्समध्ये नाहीत. फ्रान्सचा फोन नंबर दहा आकडी, आणि तो पाच जोड्यांत सांगतात. पंचाहत्तर ऐकताना 'साठ' कानावर पडताच शिकणारा 60 लिहितो, मग 'पंधरा' येतं आणि तो 15 लिहितो; एका जोडीच्या दोन झाल्या. त्यामुळे साठ किंवा चार-वीस ऐकू आलं की पेन कागदावर टेकवायचं नाही, पुढचा शब्द येईपर्यंत थांबायचं. 60 ते 99 मधल्या वीस जोड्या रोज कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि उत्तर शब्दात न देता थेट आकड्यात लिहा.